झोपेच्या आधीचं दूध

दीड-दोन वर्षांचं मूल दिवसभर मोठ्या माणसांचं अनुकरण करत असतं. स्टीलच्या पेल्याने पाणी पितं, वरणाची वाटी तोंडाला लावतं, निम्मं अंगावर सांडतं, पण पितं. रात्री गादीवर आडवं झालं की मात्र त्याला सिपरच लागतो. कोमट दूध, त्यात चमचाभर साखर, एका हातात सिपर आणि दुसऱ्या हातात आईच्या ओढणीचं टोक. दहा-पंधरा मिनिटांत डोळे मिटतात, तोटी ओठांतच राहते आणि घर एकदाचं शांत होतं.

ही सवय कशी मोडायची, हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांच्या डोळ्यांसमोर सिपर असतो. तो लपवून ठेवायचा आणि चार रात्री रडारड सोसायची, एवढाच उपाय त्यांना दिसतो. पण इथे दोन वेगळी कामं एकाच भांड्याकडे आलेली आहेत. एक पोट भरण्याचं, दुसरं झोप लावण्याचं. सिपर काढून घेतला की दोन्ही कामं एकदम अडतात आणि मूल दुप्पट रडतं. म्हणून आधी ही दोन कामं वेगळी करायची, भांड्याचा विचार नंतर. या प्रकरणात सांगितलेले सगळे उपाय याच एका सूत्रावर उभे आहेत.

न सांडणारं भांडं

झाकणाला तोटी असलेले पेले तसे जुने आहेत. पण उलटा केला तरी थेंबही न सांडणारा सिपर ही अलीकडची गोष्ट. रिचर्ड बेलँजर या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरने १९८०च्या दशकात स्वतःच्या लहान मुलाच्या सांडलवंडीला कंटाळून तोटीत व्हॉल्व्ह असलेला पेला तयार केला. पुढे त्याचे हक्क प्लेटेक्स या कंपनीकडे गेले आणि सिपर घरोघरी पोहोचला. त्याने सोडवलेला प्रश्न गालिचाचा होता, सोफ्याचा होता, गाडीच्या सीटचा होता. मुलाला प्यायला शिकवावं हा त्यामागचा हेतू नव्हता.

आपल्या घरातला सिपर कोणत्या जातीचा आहे ते पाहायचं असेल तर तो पाण्याने भरून मोरीत उलटा धरा. पाणी गळलं, तर तो झाकणाचा पेला आहे. एक थेंबही पडला नाही, तर आत व्हॉल्व्ह आहे आणि मुलाला प्रत्येक घोटासाठी चोखावं लागतंय. म्हणजे जिभेच्या आणि ओठांच्या दृष्टीने ती बाटलीच आहे, फक्त आकार बदललेला. आता तो व्हॉल्व्ह उपसून काढा. सिलिकॉनच्या चिरेत बोट फिरवलं तर बऱ्याचदा पिवळसर, बुळबुळीत थर हाताला लागतो आणि आंबूस वास येतो. वरवर विसळलेल्या सिपरमध्ये दूध इथे अडकून राहतं. जोवर सिपर वापरात आहे तोवर हा भाग रोज सुटा करून साबणाने घासायला आणि पूर्ण वाळवायला हवा.

आपल्याकडे बाटलीकडे पूर्वीपासूनच संशयाने पाहिलं गेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१मध्ये आईच्या दुधाच्या पर्यायांच्या जाहिरातबाजीला लगाम घालणारी आचारसंहिता स्वीकारली. त्या धर्तीवर भारताने १९९२मध्ये कायदा केला आणि २००३मध्ये तो आणखी कडक केला. दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला या कायद्याने बंदी आहे. वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर वाटी-चमचा वापरा, असं आपले बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळंतविड्यात चांदीचं बोंडलं देण्याची रीत अजून कित्येक घरांत आहे. बोंडल्याने दूध पाजताना भांडं मोठ्या माणसाच्या हातात असतं, बाळ मांडीवर असतं आणि जागं असतं. पाजून झालं की बोंडलं घासायला जातं. ते उशीशी ठेवून बाळाला झोपवता येत नाही आणि नेमका हाच त्याचा गुण आहे.

दातांमागचं तळं

मूल तोटी चोखतं तेव्हा त्याची जीभ पुढे येऊन खालच्या पटाशीच्या दातांवर पसरते. खालच्या दातांना असं जिभेचं पांघरूण मिळतं आणि जवळच लाळेच्या ग्रंथी असल्याने ते धुतलेही जातात. वरच्या चार दातांना यातलं काहीच मिळत नाही. मूल पेंगायला लागलं की गिळणं मंदावतं आणि शेवटचा घोट त्या दातांभोवती साचून राहतो. झोपेत लाळही फार कमी सुटते. दिवसा दूध प्यायल्यावर लाळ थोड्या वेळात तोंड पूर्वपदावर आणते, रात्री ती जवळजवळ रजेवर असते.

तोंडातले जिवाणू, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, या साचलेल्या साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. तोंडाचा सामू साधारण ५.५च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळायला लागतात. दुधाच्या दातांचं कवच कायमच्या दातांच्या जवळपास निम्म्याच जाडीचं असतं, त्यामुळे कीड आत शिरायला वेळ लागत नाही. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ अब्राहम जेकोबी यांनी लहान मुलांच्या अशा किडीचं वर्णन १८६२मध्येच केलं होतं. शंभर वर्षांनी, १९६२मध्ये, एलायस फास या दंतवैद्यांनी तिचा संबंध झोपताना दिलेल्या बाटलीशी जोडला.

नुसत्या दुधाला यात सगळा दोष देणं बरोबर नाही. दुधात दुग्धशर्करा असते, तसंच कॅल्शिअम आणि केसीनही असतं. दिवसा जेवणासोबत प्यालेलं दूध दातांचा वैरी नाही. ते वैरी ठरतं ते रात्रभर तोंडात राहिल्यावर. त्यात साखर, चॉकलेटची पावडर किंवा मध घातला की धोका कैक पटींनी वाढतो. फळांच्या रसाचंही तसंच. सिपरमध्ये रस भरून दिला की मूल तासभर एकेक घोट घेत बसतं आणि लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही.

दर महिन्याला एक साधी तपासणी घरी करता येते. मुलाला उजेडात मांडीवर आडवं घ्या आणि वरचा ओठ अंगठ्याने अलगद उचला. हिरडीला लागून दातावर खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसते का पाहा. निरोगी दात तिथेही चकचकीत असतो. पांढरी रेघ ही किडीची पहिली पायरी आणि ती परतवता येते. दंतवैद्य फ्लोराइडचा लेप लावतात, रात्रीचं दूध बंद होतं आणि दात सावरतो. रेघ पिवळी-तपकिरी झाली किंवा खड्डा पडला की मग दात भरणं, टोपी बसवणं, प्रसंगी भूल देऊन उपचार करणं, असा लांबचा रस्ता सुरू होतो.

“दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत,” हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतं. समोरचे दात मूल सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडतात हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तोवर मुलाला त्यांनीच भाकरी चावायची असते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी जागाही त्यांनीच राखायची असते. ठणकणारी दाढ घेऊन मूल नीट जेवत नाही, नीट झोपत नाही. म्हणून पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, दंतवैद्यांची पहिली भेट व्हावी.

दूध किती झालं?

म्हशीच्या दुधाचा २०० मिलीचा सिपर म्हणजे दोनशेहून थोड्या अधिक कॅलरी. दीड-दोन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज हजाराच्या आसपास असते. म्हणजे दिवसाच्या अन्नाचा पाचवा हिस्सा डोळे मिटता मिटता पोटात गेला. पहाटे रडलं म्हणून आणखी एक सिपर दिला, की सकाळी नाश्त्याला तोंड फिरवणं ओघानेच आलं. “आमचा काही खातच नाही हो, निदान दूध तरी पितो,” असं आई सांगते तेव्हा बहुतेक वेळा कारण आणि परिणाम उलटे लागलेले असतात.

याची दुसरी किंमत रक्तात मोजावी लागते. दुधात लोह जवळपास नसतंच आणि त्यातलं कॅल्शिअम इतर अन्नातल्या लोहाच्या शोषणातही अडथळा आणतं. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये रक्तक्षय असणाऱ्यांचं प्रमाण देशात ६७.१ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के आढळलं. रक्तक्षयाची कारणं अनेक आहेत, पण दुधावर वाढणारं आणि भाजी-भाकरी नाकारणारं मूल त्या रांगेत सहज जाऊन बसतं. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला दिवसाकाठी ४०० ते ५०० मिली दूध पुरेसं असतं, तेही दही-ताक धरून.

कानाचाही मुद्दा आहे. घसा आणि मधला कान यांना जोडणारी नळी लहान मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी असते. उताणं पडून दूध ओढण्याची सवय आणि वारंवार कान फुटणं यांचा संबंध डॉक्टर जोडतात तो यामुळेच.

रात्री दोनला काय होतं

झोप सलग नसते. लहान मुलाच्या झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं असतं आणि दोन चक्रांच्या सांध्यावर मूल क्षणभर अर्धवट जागं होतं. मोठी माणसंही होतात, उशी सारखी करतात आणि सकाळी विसरतात. मूल मात्र डोळे किलकिले करून पाहतं की झोपताना जे होतं ते जागेवर आहे का. तोंडात तोटी असताना झोप लागली असेल, तर तोटी नसल्याचं त्याला लगेच कळतं आणि ते भोकाड पसरतं. आई-वडिलांना वाटतं भूक लागली. बॉस्टनचे बालरोगतज्ज्ञ रिचर्ड फर्बर यांनी १९८५च्या आपल्या पुस्तकात झोपेची ही अट पालकांना समजावून सांगितली आणि तेव्हापासून बालझोपेच्या प्रत्येक चर्चेत ती येते.

फर्बर यांच्या पद्धतीत मूल आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर झोपतं आणि पालक ठरावीक वेळाने डोकावून जातात. आपल्याकडे बहुतेक मुलं आई-बाबांच्या मधे किंवा आजीच्या कुशीत झोपतात. वन रूम किचनमध्ये शेजारच्या गादीवर दहावीची ताई अभ्यास करत असते आणि भिंतीपलीकडे शेजारी. तिथे “रडू दे, आपोआप थांबेल” हा सल्ला टिकत नाही. पण आपल्या पद्धतीत एक सोयही आहे. माणूस हाताच्या अंतरावर असतो. दुधाने चालवलेलं झोप लावण्याचं काम हाताला, आवाजाला, गोधडीला सोपवता येतं. आईपासून दूर होताना मूल एखादं फडकं किंवा मऊ वस्तू घट्ट धरून ठेवतं, हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडलं. आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी हे काम उत्तम करते आणि तिने दात किडत नाहीत.

क्रमाने करायचं काम

खालचे उपाय वर्ष पूर्ण झालेल्या, वजन ठीक असलेल्या मुलासाठी आहेत. मूल वर्षाच्या आतलं असेल, वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा वजन कमी भरत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. ताप, नव्या दातांची ठणक, घर बदलणं, पाळणाघराचे पहिले दिवस, घरात नवं बाळ, यांपैकी काही चालू असेल तर थोडं थांबा.

*पहिली पायरी दिवसाची.* रात्रीच्या सिपरला हात लावण्याआधी दिवसाचे सगळे सिपर बंद करा. पाणी, ताक, दूध जे काही प्यायचं ते उघड्या पेल्यातून. छोटा, जड बुडाचा स्टीलचा पेला घ्या आणि दोन-तीन घोटांपुरतंच भरा. सांडणारच, खाली जुना पंचा टाका. स्ट्रॉ चालते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना बाटली १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान सोडवायला सांगते. त्या वयातलं मूल पेला धरायला शिकलेलं किंवा शिकण्याच्या बेतात असतं.

*दुसरी पायरी जागेची.* रात्रीचं दूध अंथरुणातून उठवून जेवणाच्या पाटावर आणा. आठला जेवण, जेवणासोबत किंवा लगेच नंतर पेलाभर दूध, दिवे लागलेले, मूल बसलेलं. साखर आधीपासून घालत असाल तर ती रोज थोडी थोडी कमी करत न्या. झोपायच्या आणि दुधाच्या मधे किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

*तिसरी पायरी ब्रशची.* दुधानंतर दात घासायचे, आणि ते मोठ्या माणसाने. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला फ्लोराइड असलेली पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, त्यानंतर वाटाण्याएवढी. मूल तोंड मिटून घेत असेल तर दोघांनी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसा, मुलाचं डोकं एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याच्या कमरेला. दोन मिनिटांत काम होतं. ब्रश झाला की तोंडात फक्त पाणी जाईल, हा या घराचा नियम. तो बाबांनाही माहीत हवा आणि पाहुण्यांनाही.

*चौथी पायरी पातळ करण्याची.* एवढं करूनही मूल गादीवर सिपर मागतंच. तेव्हा काही रात्रींपुरता ब्रशनंतरचा नियम सैल करा; नाही म्हणू नका, आतला माल बदला. नेहमीचा सिपर २०० मिलीचा असेल तर पहिल्या दोन रात्री १५० दूध आणि ५० पाणी. पुढच्या दोन रात्री निम्मं-निम्मं. मग ५० दूध, १५० पाणी. त्यानंतर नुसतं पाणी. बहुतेक मुलांचा रस निम्म्यावर आलं की कमी व्हायला लागतो. या काळात सिपर देऊन झाल्यावर दातांवरून ओलं फडकं फिरवा. हे पातळ करणं फक्त साध्या दुधासाठी आणि वर्षापुढच्या मुलासाठी आहे. डब्यातल्या पावडरीच्या दुधात ठरलेल्या मापापेक्षा जास्त पाणी कधीही घालू नये.

*पाचवी पायरी रिकाम्या हाताची.* नुसत्या पाण्याचा सिपर आधी गादीवरून उशीजवळच्या स्टुलावर जातो, मग स्वयंपाकघरात. त्याच्या जागी ठरलेला क्रम येतो: शू, ब्रश, दिवा मंद, एक गोष्ट, अंगाई, थोपटणं. गोष्ट रोज तीच चालते, किंबहुना तीच हवी. चिऊचं मेणाचं घर शंभराव्यांदा ऐकतानाही मुलाला पुढे काय होणार हे माहीत असण्यातच गंमत वाटते आणि पुढे काय होणार हे माहीत असलं की झोपही लवकर येते.

दोन वर्षांच्या पुढच्या, बोललेलं समजणाऱ्या मुलाच्या बाबतीत काही पालक एका दिवसात सिपर बंद करतात. तेही जमतं. मुलाला दिवसा सांगा, त्याच्या हाताने सिपर धुऊन डब्यात भरू द्या आणि रात्री शब्द फिरवू नका. “काऊने नेला” ही युक्ती मात्र टाळलेली बरी. ती एक रात्र चालते. दुसऱ्या दिवशी सिपर भांड्यांच्या जाळीत सापडतो आणि पुढच्या वेळी तुमचं खरंही पटत नाही.

आजीचा घोट

नियम मोडतो तो बहुधा मुलाकडून नाही. मूल किरकिरायला लागतं आणि पलीकडून आवाज येतो, “अगं, उपाशीपोटी कसं झोपेल लेकरू? दे की घोटभर.”

“आई, जेवताना पेलाभर प्यायलाय तो. आत्ता भूक नाहीये, झोप आलीय त्याला.”

“आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.”

आजींचं म्हणणं अगदीच चूक नसतं. त्यांच्या वेळी सिपरही नव्हता. या वादात जिंकण्यापेक्षा त्यांना एक काम देणं फायद्याचं ठरतं. गोष्ट आजींची, थोपटणं आजींचं, दूध पाजण्याचा मानही त्यांचाच, फक्त जेवणाच्या वेळी. दूध हातून गेलं तरी नातवाला झोपवण्याचं काम त्यांच्याकडे राहिलं, की तो घोटभराचा हट्ट बहुधा मावळतो.

रडणं होईल, साधारण पहिल्या तीन-चार रात्री जास्त. जवळ बसा, हात ठेवा, कमी बोला, दिवा लावू नका. तहान असेल तर पेल्यातून दोन घोट पाणी. सर्वांत महागात पडतं ते अर्धा तास रडू देऊन मग दूध देणं. मूल त्यातून एकच शिकतं: अर्धा तास रडलं की मिळतं. द्यायचंच असेल तर पहिल्या मिनिटाला द्या आणि महिन्याभराने पुन्हा सुरुवात करा.

सवय सुटल्यावरही ती डोकं वर काढते. रात्रीच्या एस.टी.च्या प्रवासात, लग्नघरी, तापात. आजारी मुलाला रात्री दूध दिलं म्हणून केलेलं सगळं वाया जात नाही. ताप उतरला की दोन रात्री पातळ करा आणि पुन्हा क्रमावर या.

काम झालं की नाही हे सिपर कपाटात गेला यावरून ठरवू नका. खरी परीक्षा रात्री दोनच्या सुमारास असते. मूल चुळबुळतं, कूस बदलतं, हाताने गोधडी चाचपतं आणि कोणाला न उठवता पुन्हा झोपतं. असं आठवडाभर झालं की दूध आणि झोप वेगळी झाली. मग तोच सिपर उद्या बागेत जाताना पाणी भरून पिशवीत टाकलात, तरी काही बिघडत नाही.